वडिलांची स्मरणिका लिहिताना

प्रश्न : माझे वडील सातारा जिल्ह्यातील शेतकरी. १९६६ ते १९८१ या काळात ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी अखेरपर्यंत शेती केली. युद्धाविषयी ते घरात बोलत नसत. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढण्याचे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. पण सैन्यातील माहिती फारच थोडी असल्याने लेखन अडले आहे. आई गावीच असते. काय करावे? – एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : प्रथम घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, हुद्दे आणि पदके यांची नोंद असते. ते हरवले असेल, तर १९७१च्या युद्धाबद्दल मिळालेल्या संग्राम पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक आणि नाव कोरलेले सापडेल. तो क्रमांक देऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करता येते. त्यांची पलटण नेमकी कोणती, हे मात्र आधी ठरवा. याच रेजिमेंटची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आताच्या बांगलादेशातील) जमालपूरला लढली. परंतु वडील रेजिमेंटच्या अन्य एखाद्या बटालियनमध्ये असतील, तर ती लढाई त्यांच्या नावावर लिहू नये. जे त्यांनी सांगितले नाही, ते आपण कल्पनेने भरणे मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते.

आपले लेखन अडले आहे, त्याचे कारण मला वेगळे दिसते. आपण पंधरा वर्षांच्या नोकरीला सारे आयुष्य समजत आहात. त्यानंतरची शेतीची वर्षे त्याहून कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांचा कागद गावातच आहे. जुन्या सातबाऱ्यावरील पीकपाहणीत कोणत्या वर्षी कोणत्या गटात ज्वारी होती, विहिरीचे पाणी आल्यावर ऊस केव्हा आला, हे वर्षावार वाचता येते. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याच्या नकला मिळतात. मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने यांची वर्षे त्या नोंदींशेजारी मांडून पाहा. कोणत्या पिकाच्या पैशावर कोणते कार्य पार पडले, हे बऱ्याच अंशी उलगडेल.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वडील पलटणीत असताना ती जमीन कोण कसत होते? सातबाऱ्यावर नाव त्यांचे असेल. पण पेरणीला बैल कोणाचे आणायचे, सावकाराला काय सांगायचे, १९७२च्या दुष्काळात घर कसे चालवायचे, हे निर्णय बहुधा आपल्या मातोश्रींनी, सासू-सासरे आणि लहान मुले सांभाळत घेतले असतील. दुष्काळी कामावर त्या खडी फोडायला गेल्या होत्या का, तिथली सुकडी मुलांनी खाल्ली का, मनीऑर्डर वेळेवर येई का, हे त्यांना विचारा. वडिलांची पत्रे जपली असतील, तर त्यांवरचा पत्ता पाहा : ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक) असेल, तर पत्र पूर्वेकडून आलेले आहे. नवऱ्याने पत्रात पिकांची, जनावरांची काय चौकशी केली, यावरून तो सैनिक मनाने कुठे होता, हे कोणत्याही पदकापेक्षा अधिक कळेल. म्हणून स्मरणिकेत मातोश्रींचे कथन त्यांच्याच बोलीत, प्रमाणभाषेत न बदलता, छापावे असे माझे मत आहे.

तेव्हा बेळगावला अर्ज आजच पाठवा. पण उत्तराची वाट पाहत मुंबईत थांबू नका. येत्या सुट्टीत गावी जा आणि मातोश्रींचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सैन्यातील तपशील उशिरा आला, तर तो स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर घालता येईल.