ख्रिस्ती शिकवणीत देव 'हरवलेल्यांवर' प्रेम करतो, म्हणजे नेमके काय?
'हरवलेला म्हणजे देवाने टाकून दिलेला का?' असे आपण विचारले आहे. अर्थ नेमका उलट आहे, कारण जे आपले असते तेच हरवते. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी) व शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) कुरकुर करू लागले, तेव्हा त्याने 100 मेंढरांतील चुकलेल्या एकासाठी 99 रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला दिला (बायबलमधील लूकचे शुभवर्तमान, अध्याय 15). आमच्या यवतमाळकडे वावरात मेंढरे बसवणारा धनगर रात्री बॅटरी घेऊन पऱ्हाटीत कोकरू शोधताना मी पाहिला आहे. पोटऱ्या ओरबाडलेल्या होत्या, पण कोकरू सापडताच त्याने ते खांद्यावर घेतले. त्याच अध्यायातील दुसऱ्या दाखल्यातला बाप तर सारे उधळून घरी परतणाऱ्या मुलाला दुरूनच पाहून धावत जातो, त्याच्या गळ्यात पडतो, आणि पापाच्या कबुलीचे शब्द मुलाच्या तोंडून त्यानंतर निघतात.