वूडपिजन आणि नकली पक्षी

प्रश्न: मी इंग्लंडमधे असतो, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रेपसीडवर (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) मार्चमधे वूडपिजनच्या (रानकबुतरांच्या) झुंडी उतरतात, ते मारण्यासाठी डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, कसे मांडायचे?

उत्तर: आधी नुसतं बघा हो, पक्षी कुठल्या वाटेने येतात ते, चुकीच्या जागी कितीही डिकॉय लावा काही उपयोग नाही. मग घोड्याच्या नालेच्या आकारात मांडा, बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे, मधे मोकळी जागा, कारण पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध उतरतो आणि त्या जागेत येतो, तुमचा लपायचा आडोसा तिथून साधारण २०-२५ यार्डांवर. मानेवर पांढरा पट्टा नसेल तर गोळी नको, तो स्टॉक डव्ह, म्हणजे दुसऱ्या जातीचं संरक्षित कबूतर, असू शकतो (पिल्लू वूडपिजनलाही पट्टा नसतो, म्हणून वूडपिजनच्या पंखावर असते ती पांढरी पट्टी बघा). आणि जनरल लायसन्सच्या (पिकाचं नुकसान करणारे पक्षी मारायची सरकारी परवानगी) अटी वाचाच, बुजगावणी वगैरे आधी करून बघावं लागतं, नुसत्या हौसेसाठी चालत नाही.