'९ दान' म्हणजे नववी श्रेणी?

प्रश्न असा: जपानचा 'गो'चा (पटावर काळे-पांढरे खडे मांडून खेळतात तो) अमुक खेळाडू '९ दान' आहे असं वाचलं, त्याला 'नवव्या श्रेणीचा' म्हणावं का? आणि स्पर्धाही श्रेणीवार होतात का?

श्रेणी? कृपा करा! आपल्याकडे प्रथम श्रेणी सगळ्यांत वरची. 'नवव्या श्रेणीचा' म्हटलं की बिचारा तळाला गेला, आणि ९ दान तर शिखर. परवा एका बातमीत अशाच एकाला चक्क 'जगात नववा' केलेलं पाहिलं. कराटेच्या क्लासांतलं 'सेकंड डॅन'ही तसलंच. उच्चार 'दान', आणि ज्युदो-कराटेत तो आला गोवरूनच. सोंगट्यांत पडतं त्या दानाशी मात्र त्याचं नातं जोडू नका, मोह झाला तरी.

जपानी दान म्हणजे पायरी. पहिल्याला ते 'इचिदान' म्हणत नाहीत, 'शोदान' म्हणतात. आपण तरी 'एकमी' कुठे म्हणतो, प्रतिपदाच.

मराठीत याला नेमका शब्द आहे: इयत्ता. संस्कृत 'इयत्' म्हणजे इतकं. इयत्ता म्हणजे 'इतकेपण', मापाची हद्द. कालिदासाच्या रघुवंशात तेराव्या सर्गात समुद्राचं रूप 'इयत्तेनं' ठरवता येत नाही असं म्हटलंय. अथांग समुद्राला न लागणारं माप आपण शाळेतल्या पोरांना लावलं! शिवाय इयत्ता चढत जाते, नववी पहिलीच्या वर. कोशकारांना 'श्रेणी'च भारदस्त वाटते. त्यांनी एकदा निकालपत्रक डोळ्यांखालून घालावं.

हो, स्पर्धा. जपानमध्ये दान वाढवण्यासाठी पूर्वी 'ओतेआई' नावाची वेगळी स्पर्धा असे. २००३पासून अधिकृत सामन्यांतले विजय मोजतात; आठव्यावरून नवव्याला २०० लागतात. किसेई, मेइजिन किंवा होनिन्बो यांपैकी एक किताब मारला, तर एकदम नववं. इयामा युता २००९मध्ये, विसाव्या वर्षी, मेइजिन जिंकून असाच चढला. आणि एकदा चढलेला माणूस खाली येत नाही, कितीही हरो.

मोठ्या किताबांना मात्र इयत्तेची अट नाही. एका किताबाचं नावच 'जुदान', म्हणजे दहावं दान! इयत्ता नऊपर्यंतच, तरी त्याच्या प्राथमिक फेरीत शोदानवालाही बसतो.