अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, मिशिगन राज्याच्या १३व्या मतदारसंघातून आपले श्री ठाणेदार निवडून आले, म्हणजे तिथे भारतीय मतदार बरेच असतील ना?

नाही हो, उलटंच आहे. मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. आपली मंडळी सापडतात ती इथे, नाहीतर ट्रॉय-कॅन्टनला, आणि ही तिन्ही गावं १३व्याच्या बाहेर. त्यात येतो डेट्रॉइट शहराचा मोठा भाग, शिवाय हॅमट्रॅमक, टेलर वगैरे. मतदारांत सगळ्यात मोठा गट कृष्णवर्णीयांचा. आपल्यातल्या बहुतेकांचा या मतदारसंघाशी संबंध येतो तो रोम्युलसच्या विमानतळावर बॅगा उचलण्यापुरता.

मग बेळगावात वाढलेला माणूस तिथून आला कसा? डेट्रॉइट हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी लढत ऑगस्टमध्येच होते, त्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. इथे पक्षाकडे नाव नोंदवावं लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी-शेजारी असतात आणि एकाच रकान्यातले लंबगोल काळ्या शाईने भरायचे. दोन्हीकडे भरलेत की पक्षांची सगळी मतं बाद. आमच्या ओळखीचे एक काका दरवेळी यावर चिडतात, ‘दोन्हीकडचा एकेक बरा माणूस निवडू द्या की!’

२०२२ला डेमोक्रॅटिक रकान्यात नऊ नावं होती. मतं फुटली, ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले होते, आणि साधारण २८ टक्क्यांवर उमेदवारी त्यांना मिळाली. दुसऱ्या फेरीची भानगड इथे नाही. नोव्हेंबरात मग ७० टक्क्यांच्या वर मतं. १९५५ नंतर पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही, याची खंत तिथे होती आणि ती मला रास्त वाटते.

मतं फुटण्याचा याहून भारी नमुना २०१८चा. तेव्हाच्या १३व्या मतदारसंघाचे खासदार जॉन कॉनियर्स यांनी डिसेंबर २०१७मध्ये राजीनामा दिला होता. उरलेल्या मुदतीसाठी एक प्रायमरी आणि पुढच्या पूर्ण मुदतीसाठी दुसरी, दोन्ही एकाच दिवशी. पहिलीत ब्रेंडा जोन्स जिंकल्या, दुसरीत रशिदा तलेब. दोन्हीकडे उमेदवारांची संख्या वेगळी, तेवढ्यानं पारडं फिरलं. जोन्सबाईंना खासदारकी मिळाली जेमतेम पाच आठवडे!

जुने निकाल शोधणार असाल तर नुसत्या १३ या आकड्यावर जाऊ नका. २०२०च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा १४च्या १३ झाल्या, सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि तलेब १२व्यातून उभ्या राहिल्या. कॉनियर्स तर आधी पहिल्यातून, मग १४व्यातून आणि शेवटी १३व्यातून निवडून येत होते, डेट्रॉइट न सोडता.