जुनं मॉड्युलर किचन काढतोय, त्यातली कपाटं बाथरूममध्ये बेसिनखाली लावली तर चालतील का?

भुशाच्या बोर्डाची (पार्टिकल बोर्डाची) असतील तर नाही. प्लायची असतील तर बघता येईल. आणि कुणी फुकट देतंय म्हणून घेणार असाल, तर आधी माझं ऐका.

आम्ही रत्नागिरीत राहतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांनी पुण्यातल्या फ्लॅटचं किचन नवं केलं. जुनी कपाटं दिसायला छान होती, पांढरीशुभ्र, स्टीलची हँडलं. टाकून कशाला द्यायची, तुमच्या बाथरूमला होतील, म्हणून भावोजींनी ओट्याखालचे दोन खोके टेम्पोत घालून पाठवले. टेम्पोचं भाडंही त्यांनीच दिलं. हे आधीच सांगते, कारण माणूस मनाचा मोठा आहे आणि देणाऱ्याला नावं ठेवणं मला आवडत नाही.

किचनचं खालचं कपाट साधारण 22 इंच खोल असतं. आमचं बाथरूम चार बाय सात. खोके ठेवले तर बाथरूमचं दार निम्मंच उघडायचं. मग सुताराला बोलावून मागच्या बाजूने चार-चार इंच कापून घेतले. करवतीखाली जो चुरा पडला तो हातात घेऊन तो म्हणाला, "वहिनी, ह्याला पाणी चालायचं नाही." मी भावोजींना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्याकडे आठ वर्षं होतं, काही झालं नाही. त्याला नवं काम हवंय म्हणून सांगतोय." मी सुताराचं ऐकलं नाही. कापलेल्या कडांना पट्टी मारायचीही राहून गेली, कारण ती बाजू भिंतीकडे जाणार, दिसणार कुणाला?

सगळं तिथेच बिघडलं. ह्या बोर्डाच्या दोन्ही तोंडांवर लॅमिनेट असतं, कडांना पीव्हीसीची पट्टी असते. तेवढ्यावरच तो तगून असतो. कड उघडी पडली की पाणी आत शिरतं, दाबून बसवलेला लाकडाचा चुरा फुगतो, गोंद सुटतो. नंतर कितीही वाळवा, तो पुन्हा मूळ जाडीवर येत नाही.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही. त्या पहिल्याच पावसाळ्यात खालची फळी भिजलेल्या पावासारखी झाली. बिजागरीच्या स्क्रूंना धरायला काही उरलं नाही आणि एके सकाळी दार माझ्या मुलीच्या हातात आलं. तिच्या पायावर पडलं नाही, एवढं नशीब.

गणपतीला सगळे जमले होते. भावोजींनी बाथरूम बघितलं आणि पंगतीत, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमच्याकडे पाणी फार सांडतं. आमच्याकडे टिकलंच की." जाऊबाईंनी मान खाली घातली. मी वाढत होते, वाढतच राहिले.

गौरी-गणपती गेल्यावर मी एक काम केलं. कापून उरलेला भुशाच्या बोर्डाचा तुकडा आणि सुताराकडून मागून आणलेला मरीन प्लायचा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या प्लायचा तुकडा, दोन्ही 18 मिलिमीटरचे, एका बादलीत रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी पट्टी लावून मोजले. प्लाय होता तेवढाच. भुशाचा तुकडा कडेला 23 झाला होता आणि नखाने उकरला तर सुटत होता. त्या बादलीत माझ्या घरातलं कुणीही पाणी सांडलेलं नव्हतं.

आपण बादलीत पाणी घेऊन तांब्याने अंघोळ करतो. मुलं उड्या मारतात, धुणं तिथेच भिजतं, फरशीवर रोज पाणी ओतून झाडू फिरतो. बाथरूम ओलं होणारच. त्यासाठी घरातल्या बाईने दिवसातून चार वेळा फडकं घेऊन धावावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याला पाणी सोसत नाही ती वस्तू तिथे लावायची नाही, एवढं सोपं आहे.

आता तुमचं. बिजागरीचं भोक किंवा पाइपसाठी कापलेली जागा शोधा आणि आत बघा. चुरा दिसला तर सोडून द्या, पट्ट्या-पट्ट्यांचे थर दिसले तर प्लाय. मग त्यावर भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का शोधा. आयएस 710 असेल तर मरीन प्लाय, बिनधास्त वापरा. त्याचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो. आयएस 303 आणि पुढे एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, असं असेल तर ते बाथरूमचं नव्हे, मग दुकानदार त्याला वॉटरप्रूफ म्हणो की आणखी काही. प्लाय कापलात तरी प्रत्येक कड बंद करा, पाइपच्या भोकाचीसुद्धा.

पाय काढून टाका आणि कपाट जमिनीपासून फूटभर वर भिंतीला टांगा. खाली पाणी वाहून जातं, झाडू जातो. ओढून बाहेर काढायच्या ट्रॉल्या विसरा, बेसिनखालचा सांडपाण्याचा बॉटल ट्रॅप मध्ये येतो. उंचीही बघा: ओट्याच्या उंचीवर टेबलटॉप, म्हणजे कपाटाच्या वर बसणारं, बेसिन ठेवलंत तर मुलांचे हात पोचणार नाहीत. बाथरूम लहान असेल तर ओट्याखालच्यापेक्षा वरची कपाटं बरी, ती जेमतेम 12 इंच खोल असतात. मात्र त्यावर बसेल असं लहान बेसिन आधी बघून ठेवा.

एक मान्य करायला हवं. भावोजींचं बेसिन बाथरूममध्ये नाही, जेवणाच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये आहे. तिथेही त्यांनी भुशाचंच कपाट लावलंय आणि ते अजून ठणठणीत आहे. तुमचंही बेसिन बाहेर असेल, किंवा अंघोळीची जागा काचेने वेगळी केलेली असेल, तर भुशाचं कपाटही काही वर्षं निघेल. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी माझं घर त्यांच्या घराच्या मापाने मोजलं.

आमच्याकडे आता मरीन प्लायचं टांगतं कपाट आहे, त्याच सुताराने केलेलं. किचनच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या म्हणून सहसा न गंजणाऱ्या 304 स्टीलच्या घेतल्या. हँडलं मात्र भावोजींच्या कपाटाचीच ठेवलीत, ती खरंच चांगली होती. चौथा पावसाळा चालू आहे. मागच्या गणपतीत भावोजींनी दार उघडून खालच्या फळीवर हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी सुताराचं नाव सांगितलं. नंबर मागून घेतलाय त्यांनी.