उपदेश राहू दे, आधी कँटीनच्या मॅनेजरला भेट

तुझा मेल दोनदा वाचला. जेवताना सगळ्यांना कत्तलखान्याचा व्हिडिओ दाखवलास, भाऊ ताट सोडून उठला, मैत्रिणी आता तुला जेवायला बोलवायचं टाळतात, आणि एवढं होऊनही मांस कुणीच सोडलं नाही. चिडचिड होणारच. पण एक सांगू का, घास तोंडात असलेल्या माणसाला तू खातोयस ते चूक आहे असं म्हटलं की त्याला जनावर दिसतच नाही, त्याला तू दिसतेस आणि तुझा सूर ऐकू येतो, मग तो भांडतो तुझ्याशी आणि कोंबडी बिचारी राहते बाजूलाच.

तू विचारलंयस, लोकांना पटवायचं कसं. तो प्रश्न जरा बाजूला ठेव. कुणालाही न पटवता काय काय बदलता येतं ते आधी बघ, कारण ते खूप आहे.

तुझ्या कॉलेजच्या कँटीनपासून सुरू कर. उद्या ताट न घेता नुसती उभी राहा आणि काउंटर बघ. बहुतेक ठिकाणी असं असतं की मांसाचे पदार्थ आधी, आणि बिनमांसाचा एकच पदार्थ अगदी शेवटच्या टोकाला, झाकणाखाली, वर पाटी 'शाकाहारी पर्याय'. तिथे पोचेपर्यंत ताट भरलेलं असतं, आणि ज्याला रोज मांस लागतं तो ती पाटी वाचून हे आपल्यासाठी नाहीच असं धरून पुढे जातो. केंब्रिज विद्यापीठाच्या कँटीनांमध्ये संशोधकांनी एक साधी गोष्ट करून बघितली, 2019 मध्ये ते छापून आलं. चार पदार्थांत एक शाकाहारी असायचा तिथे दोन केले. भाषण नाही, पोस्टर नाही, कुणाला अपराधी वाटेल असं काही नाही. शाकाहारी पदार्थांची विक्री 41 ते 79 टक्क्यांनी वाढली, एकूण विक्रीत फारसा फरक नाही, आणि सगळ्यात मोठा बदल कुणात दिसला माहितीये, जे आधी शाकाहारी पदार्थांना क्वचितच हात लावायचे त्यांच्यात! म्हणजे ज्यांच्याशी तू वाद घालत बसली असतीस तेच.

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी हॉस्पिटलांनी तर 2022 पासून पेशंटला दुपारी आणि रात्री आधी वनस्पतीजन्य जेवणच सुचवायला सुरुवात केली, मांस हवं असेल तर मागायचं, मिळतं. बंदी कुठेच नाही, फक्त न मागता काय समोर येतं ते बदललं. माणूस जेवणाच्या बाबतीत बराचसा आळशी असतो आणि इथे तो आळस आपल्या कामाला येतो.

म्हणून मॅनेजरकडे जाताना प्राण्यांवर एक शब्द बोलू नकोस, खरंच. त्याला खर्च, वाया जाणारं अन्न आणि तक्रारी या तीन गोष्टींची चिंता असते, त्यावर बोल. दुसरा बिनमांसाचा पदार्थ आण, तो काउंटरच्या सुरुवातीला ठेव, पाटीवर 'शाकाहारी' न लिहिता त्यात काय आहे आणि चव कशी आहे ते लिही, आणि खिम्याच्या पदार्थात निम्मा मसूर किंवा मशरूम घालून बघ, एवढंच माग. पण पदार्थ चांगला झाला पाहिजे हां. बेचव सोया लोकांच्या ताटात टाकून या विषयाचं जेवढं नुकसान झालंय तेवढं मांसाच्या जाहिरातींनीही केलं नसेल (हे माझं मत, आकडा नाही).

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या मेलमध्ये कुठेच नव्हती. कुठला प्राणी? जगात मांसासाठी वर्षाला आठ हजार कोटींच्या वर जमिनीवरचे प्राणी मारले जातात आणि त्यातल्या सात हजार कोटींहून जास्त नुसत्या कोंबड्या. मासे तर कुणी नगावर मोजतच नाही, सरकारी आकडे टनांत असतात. आता हवामानवाले सल्ला देतात की बीफ सोडा, चिकन खा. कार्बन कमी होतो, बरोबर आहे, पण एका बैलाचं मांस दोनशे किलोच्या वर भरतं आणि कोंबडीचं दीड-दोन किलो, म्हणजे एका बैलाच्या जागी शंभरावर कोंबड्या, आणि त्या कशा जगतात ते बघितलंस तर हा सल्ला घशाखाली उतरत नाही. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, सहाएक आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते, छातीचं मांस इतकं भरभर वाढतं की कित्येकींचे पाय ते पेलत नाहीत, शेवटचे दिवस त्या ओल्या, घाण झालेल्या भुशावर बसून काढतात. म्हणून कुणी विचारलं की एकच काय कमी करू, तर चिकन सांग, आणि बीफ सोडणाऱ्याला चिकनकडे नाही, डाळी-कडधान्यांकडे वळव.

आणि अंडी. बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे अंड्यांच्या फार्मवर रांगेने लावलेल्या तारेच्या पिंजऱ्यात, एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षा कमी जागा असते, खाली तारेची जाळी, तीही उतरती, म्हणजे अंडं आपोआप पुढे घरंगळत यावं. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. हे पिंजरे घालवायला 'अंडी खाऊ नका' हे घोषवाक्य फारसं कामाला आलं नाही, कायदे आणि कंपन्यांवरचा दबाव आला. युरोपियन युनियनने निर्णय 1999 मध्ये घेतला आणि बंदी लागू झाली 2012 मध्ये, आणि एवढा वेळ मिळूनही त्या जानेवारीत बरेच देश तयार नव्हते, नोटिसा काढाव्या लागल्या. शिवाय थोडी जास्त जागा आणि बसायला दांडी असलेले पिंजरे चालतातच. मग पिंजरेच नकोत म्हणून दहा लाखांच्या वर नागरिकांनी सह्या केल्या, युनियनचे कायदे मांडणाऱ्या युरोपियन आयोगाने 2021 मध्ये शब्द दिला की 2023 संपायच्या आत कायद्याचा प्रस्ताव आणू, 2023 संपलं आणि प्रस्ताव आला नाही. उलट मॅकडोनाल्ड्सने 2015 मध्ये अमेरिका आणि कॅनडापुरतं सांगितलं की दहा वर्षांत पिंजऱ्याबाहेरचीच अंडी घेऊ, आणि 2024 च्या सुरुवातीला सांगितलं, अमेरिकेत झालं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघ. शब्द मिळाला की सगळे फोटो काढतात, पोस्ट टाकतात आणि पुढच्या कँपेनला लागतात, आणि डेडलाइन जवळ आली की विचारायला कुणी उरत नाही. ते विचारणारं माणूस तू हो. कंटाळवाणं काम आहे, एक एक्सेल शीट, कुणी काय कबूल केलं, कधीपर्यंत, रिपोर्टमध्ये काय आकडा दिलाय, नसेल दिला तर मेल, उत्तर नाही आलं तर परत मेल. या कामासाठी माणसं मिळत नाहीत म्हणून सांगतोय.

पिंजरा मोठा करून काय होणार, मारणार तर आहेतच ना, असं तुझ्या ग्रुपमधले कडवे लोक म्हणतील. म्हणू देत. आज पिंजऱ्यात असलेल्या कोंबडीला तात्त्विक शुद्धतेचा काही उपयोग नाही. ती माणसं वाईट नाहीत, फक्त त्यांच्याशी रात्र रात्र वाद घालू नकोस, त्यात वर्षं जातात.

लॅबमधल्या मांसाचं, म्हणजे प्राणी न मारता पेशींपासून वाढवलेल्या मांसाचं, विचारलंयस. 2013 मध्ये लंडनला पहिला बर्गर लोकांसमोर खाल्ला, विक्रीला पहिली परवानगी सिंगापूरने 2020 मध्ये दिली. लक्ष ठेव, पण त्याची वाट बघत बसू नकोस.

घरी भावाशी एवढ्यात हा विषय काढू नकोस, त्याला काहीतरी चांगलं करून खाऊ घाल आणि ते कशाचं आहे हे त्याने विचारल्याशिवाय सांगू नकोस. आणि तू स्वतः पूर्ण वीगन झालीस, म्हणजे दूध-अंडीही सोडलीस म्हणतेस, तर व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हची गोळी सुरू केलीस का? पालेभाजीतून मिळतं वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, नाही मिळत, एकदा डॉक्टरला विचारून रक्त तपासून घे. कँटीनवाल्याला भेटलीस की आत्ताचा मेनू पाठव मला, पाट्यांचा फोटो पण.