बीटा-लॅक्टम शिकतोयस? आधी रिंग काढ

डी.फार्म.ला नवीन आहेस ना, मग पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन या बीटा-लॅक्टम अँटिबायोटिक्सची नावं घोकत बसू नको, आधी या सगळ्यांत असते ती चार अणूंची बीटा-लॅक्टम रिंग वहीत काढ. तीन कार्बन, एक नायट्रोजन, कोन जेमतेम 90 अंशांचे, त्यामुळे रिंग कायम ताणात, उघडायला टपलेलीच. सगळी गंमत इथेच आहे. बॅक्टेरियाची भिंत सांधणारं जे एन्झाइम असतं त्याला हे औषध म्हणजे आपला नेहमीचा, भिंतीतला डी-अ‍ॅलानिनवाला तुकडाच वाटतो, ते धरायला जातं, रिंग उघडते आणि एन्झाइममधल्या सेरीन या अमिनो आम्लाला अशी चिकटते की एन्झाइम कामातून गेलंच. मग चिरे रचलेत पण मध्ये सिमेंट नाही आणि वरून मिरगाचा पाऊस, तसं होतं, पाणी आत शिरून पेशी फुटते.

व्हायरसला अशी भिंतच नसते, म्हणूनच व्हायरल तापाला उपयोग शून्य. मायकोप्लाझ्मा या बॅक्टेरियालाही भिंत नसते, तिथेही नाही चालत. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) सिरीयस पेशंटला सेफ्ट्रायॅक्सोन देतात ना, ते याच कुळातलं.

आता दुकानातलं. रिंग पाण्यानेही उघडते, म्हणून अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप पावडरीत येतं, कालवलं की दिवस मोजायचे, लेबलवर लिहिलेत तेवढेच. क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड तर दमट हवेला अजून हळवं (ते बॅक्टेरियाच्या बीटा-लॅक्टमेजला, म्हणजे ही रिंग तोडणाऱ्या एन्झाइमला, अडकवून ठेवतं), त्यामुळे आपल्या रत्नागिरीच्या पावसाळ्यात त्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून कागदाच्या पुडीत कुणाला देऊ नको, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.